आधी कॅथेटरची पिशवी, मग लोकांची नजर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. भाऊ २९ वर्षांचा, सरकारी ऑफिसात क्लार्क. सात महिन्यांपूर्वी बाईक घसरून मणक्याला मार लागला, डी८ लेव्हल (छातीमागचा आठवा मणका), रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं, रिपोर्टवर 'कम्प्लीट' लिहिलंय, म्हणजे त्याच्या खालचं पूर्ण गेलंय. हात चांगले आहेत पण छातीच्या खाली काही कळत नाही. ठरलेलं लग्न मोडलं. बघायला येणारे काहीबाही बोलून जातात, ऑफिसातले म्हणतात राजीनामा दे, तो खोलीतून बाहेर येत नाही आणि मागच्या आठवड्यात म्हणाला "मला वाचवलंत कशाला". आणि तुम्ही विचारताय की लोकांची तोंडं बंद कशी करायची.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला परत शिकवते, २२ वर्षं झाली, त्यातली जास्त वर्षं मणक्याच्या पेशंटबरोबरच गेली. लोकांच्या तोंडाकडे येतेच, पण आधी ते शेवटचं वाक्य. "वाचवलंत कशाला" हे माझ्या बहुतेक पेशंटनी कधी ना कधी म्हटलेलं आहे, म्हणून घाबरून जाऊ नका, पण "असं बोलू नये रे" म्हणून उडवून पण लावू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं त्याच्या हाताशी ठेवू नका आणि सायकियाट्रिस्टची वेळ आजच घ्या. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठी पण लावू शकता.

आता लोकांचं. मला जे कळलंय ते असं की अशा मुलाला घरात कोंडून ठेवणारी गोष्ट लोकांचं बोलणं ही पहिली नसते, ती दुसरी असते. पहिली असते लघवी. तुम्ही लिहिलंय की पलंगाला कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी लावलेली असते. आता डोळ्यासमोर आणा, मामा येतात, दारातून आत पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी कुठे जाते, तर त्या पिवळ्या पिशवीवर. मग पायांवर, मग चेहऱ्यावर. आणि २९ वर्षांचा मुलगा ती नजर त्याच क्रमाने जाताना बघतोय. त्यानंतर मामा काहीही बोलले, अगदी चांगलं बोलले तरी त्याला काय ऐकू येणार. आणि बाहेर जायचं म्हटलं की मनात एकच, रस्त्यात लीक झालं तर, चारचौघात संडास झाली आणि कळलंच नाही तर. हे तो तुम्हाला सांगणार नाही कारण तुम्ही बहीण आहात. तो म्हणेल "मला नाही यायचं, लोक बघतात".

म्हणून मी समुपदेशनाच्या आधी बाथरूमपासून सुरुवात करते. युरॉलॉजिस्टला दाखवा आणि स्पष्ट विचारा की कायमचा कॅथेटर काढून सीआयसी शिकवता येईल का, म्हणजे दर चार-सहा तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढायची आणि नळी काढून टाकायची. त्याचे हात चांगले आहेत, पाच-सात दिवसांत शिकेल, मी आठवी शिकलेल्या लोकांना शिकताना बघितलंय. पाणी दिवसभरात सारखं वाटून प्यायचं आणि एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही हे मुख्य. मधल्या वेळात गळत असेल तर त्याच्यावर गोळ्या असतात, तेही डॉक्टरांना सांगा. संडासचं पण टाईमटेबल बसतं, रोज किंवा एक दिवसाआड, एकच वेळ, चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाने, सपोझिटरी (संडासच्या जागी ठेवायची गोळी) लावून, हे बसायला दीड-दोन महिने लागतात पण एकदा बसलं की पुढच्या वेळेपर्यंत माणूस मोकळा. ज्या दिवशी पिशवी जाते त्या दिवशी चेहरा बदलतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. लोक तेच असतात, गल्ली तीच असते.

दुसरी गोष्ट घरातली, आणि ही ऐकायला थोडी जड जाईल. तुम्ही लिहिलंय की आई त्याला भरवते, दाढी वडील करून देतात. ताई, त्याच्या हातांना काय झालंय? डी८ ला दोन्ही हात पूर्ण चालतात. एका घरी मी व्हिजिटला गेले होते कोल्हापूरच्या बाजूला, तिशीचा मुलगा, हात माझ्यापेक्षा मजबूत, आणि आई वाटीतून दूध-भात भरवत होती, पदराने तोंड पुसत होती. शेजारची बाई दारात उभी राहून बघत होती आणि डोळे पुसत होती. त्या बाईने बाहेर जाऊन गल्लीत काय सांगितलं असेल? तिने जे बघितलं तेच सांगितलं असणार. खुर्ची होती, नवी कोरी, पण तिच्यावर घडी घातलेल्या गोधड्या ठेवलेल्या आणि मागच्या हँडलला टॉवेल वाळत घातलेला. मी काही भाषण दिलं नाही, आईंना म्हटलं ताट त्याच्या मांडीवर पाट ठेवून त्यावर द्या आणि तुम्ही चुलीपाशी जा. त्याने पहिला घास घेतला तेव्हा आईच रडल्या. महिन्याभराने परत गेले तर दारात तोच खुर्चीवर बसून गॅसच्या सिलेंडरवाल्याशी पैशांचं बोलत होता, आणि सिलेंडरवाला त्याच्याशी बोलत होता, आईशी नाही.

बाहेरच्यांची नजर घरातून ठरते असं म्हणते ते याच्यामुळे. पाहुणा घरात येऊन बघतो की याच्याशी कसं बोलायचं, आणि घरचे जसं वागतात तसं तो वागतो. तुमच्याकडे कोणी येतं आणि भावाच्या समोर तुम्हालाच विचारतं, "जेवण जातं का आता त्याला? झोप लागते का?" आणि तुम्ही उत्तर देता, हो की नाही? तिथेच थांबवा. "मामा, त्यालाच विचारा की, तो इथंच बसलाय." एवढंच, शांतपणे, न चिडता. पहिल्यांदा मामा गडबडतील, दुसऱ्यांदा शिकतील. आणि शक्य असेल तर पाहुण्यांना पलंगापाशी नेऊच नका. भावाला खुर्चीवर बसवून, शर्ट-पँट घालून हॉलमध्ये आणा, मगच पाहुणा आत. झोपलेल्या माणसाकडे वरून खाली बघितलं जातं, बसलेल्या माणसाशी बोललं जातं, फरक खूप मोठा आहे. गाऊन, लुंगी, डायपर यात दिवसभर पडलेला माणूस स्वतःलाच पेशंट समजायला लागतो.

कोण काय बोलतं त्याचे पण प्रकार असतात. "गेल्या जन्मीचे भोग", "कुणाची तरी दृष्ट लागली", हे बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं असतं, त्यांना दुसरं बोलायला सुचत नाही, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, विषय बदला. "माझ्या ओळखीत एक वैद्य आहे, महिन्यात उभा करतो" हे जास्त धोक्याचं, कारण ते आशा लावतं. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इलाजासाठी कोणी चार लाख सांगितले असं तुम्ही लिहिलंय. मणक्याच्या दुखापतीसाठी स्टेम सेल ही आपल्याकडे मान्यता मिळालेली ट्रीटमेंट नाही, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या गाईडलाईन्सप्रमाणे ती फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणी म्हणूनच, देता येते आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. चार लाख मागितले की समजून जा. त्या पैशात बाथरूम, रॅम्प, चांगली खुर्ची, चांगली कुशन सगळं होऊन वर उरतील. आणि पाय आपोआप उडतात म्हणून आईंना वाटतंय सुधारणा आहे, तर तो स्पाझम आहे, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं. डी८ च्या दुखापतीत तो बहुतेकदा येतो, मेंदूकडून आलेला हुकूम नाही तो. हे आईंना प्रेमाने पण स्पष्ट सांगा, भावासमोरच सांगा, कारण दर वेळी "हलला! हलला!" म्हणून सगळे धावतात आणि दर वेळी संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा परत उतरतो. फक्त स्पाझम अचानक वाढले तर लघवीचं इन्फेक्शन नाही ना, कुठे जखम नाही ना हे बघायचं.

आणि एक प्रकार आहे जो चांगल्या मनाने केला जातो आणि जो मी स्वतः केलाय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक ट्रॅक्टरवाला मुलगा होता, अपघाताला तीन महिने झालेले. मी त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. सांगलीकडचे, पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलंवहिलं. मला वाटलं मुलगा पेटून उठेल. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नंतर म्हणाला, "मॅडम, मला स्वतःची कूस बदलता येत नाही अजून." मला ते वाक्य आजपण टोचतं. पेटकर साहेबांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, पण १९६५ आणि १९७२ च्या मध्ये सात वर्षं आहेत, आणि ती सात वर्षं कोणी सांगत नाही, सगळे पदकच सांगतात. तुमच्या भावाला सातच महिने झालेत. "बघ तो कसा करतो, तुला का जमत नाही" असा अर्थ त्यातून निघतो, बोलणाऱ्याच्या मनात नसला तरी. म्हणून व्हॉट्सॲपवर येणारे ते व्हिडिओ त्याला पाठवणं सध्या बंद करा, नातेवाईकांनाही सांगा.

त्यापेक्षा त्याला त्याच्याच लेव्हलचा, पाच-सात वर्षं झालेला एखादा साधा माणूस भेटू दे. खेळाडू नको, दुकान चालवणारा, नोकरी करणारा. तो घरी येऊन खुर्चीवरून गाडीत कसा बसतो, खुर्ची उचलून मागे कशी टाकतो एवढं बघितलं तरी खूप होतं. आणि जे प्रश्न भाऊ तुम्हाला, आईला, मला पण विचारणार नाही ते तो त्याला विचारेल. लग्नाचं, शरीरसंबंधांचं, मूल होण्याचं. हा विषय आपल्याकडे डॉक्टर पण काढत नाहीत, पण मणक्याच्या दुखापतीनंतर संबंध ठेवता येतात, औषधं आणि उपाय आहेत, पुरुषांना वैद्यकीय मदतीने बाप पण होता येतं. हे त्याला कुणा पुरुषाकडून कळू दे. मोडलेल्या लग्नाबद्दल "त्याहून चांगली मिळेल" असं मात्र म्हणू नका. त्याला दुःख झालंय, होऊ द्या. माणसं शोधायला कोल्हापूरला नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, दीदी स्वतः तरुणपणापासून व्हीलचेअरवर. मुंबईत नीना फाउंडेशन खास मणक्याच्या दुखापतीवर काम करतं, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे खुर्ची, ट्रेनिंग, सर्टिफिकेट सगळ्याची चौकशी होते.

ऑफिसचं आता, आणि हे नीट वाचा कारण इथे लोक फसतात. राजीनामा अजिबात द्यायचा नाही, व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) अर्ज पण नाही, कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी. "तू सोड, तुझ्या जागी घरातल्या कोणाला तरी लावू" असं तोंडी सांगणारे बरेच भेटतात, लेखी कोणी देत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० चं पोटकलम ४ सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर पण टाकता येत नाही. ते काम जमणार नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यात पण हे होतंच, म्हणजे नवीन काही मागत नाही आपण. आणि तुमचा भाऊ तर क्लार्क आहे, टेबलावरचं काम, त्याला पदसुद्धा बदलायची गरज नाही, गरज आहे ती रॅम्पची, खालच्या मजल्यावरच्या टेबलाची आणि खुर्ची आत जाईल अशा संडासाची. अर्ज लेखी द्या, त्यात हेच कलम लिहा, आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नका. (प्रायव्हेट नोकरीवाल्यांना हे कलम असंच्या असं लागू होत नाही, त्यांनी कामगार वकिलाला आधी भेटावं.)

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, सिव्हिलला तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं की बहुतेक सवलती लागू होतात, ८० किंवा जास्त असलं तर इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत वजावट पण जास्त असते, ७५ हजारांऐवजी सव्वा लाख. अपघातात दुसऱ्या गाडीची चूक असेल तर क्लेमचं बघा, तुम्ही फक्त "बाईक घसरली" लिहिलंय, समोरून किंवा मागून काही आलं होतं का हे त्यालाच विचारा. २०२२ पासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असा नियम आलाय, तुमचे सात झाले, म्हणून वकिलाकडे याच आठवड्यात जा, उशिरावर काय करता येईल ते तोच सांगेल. आणि तिथे सर्टिफिकेटवरचा टक्का म्हणजेच नुकसानीचा टक्का असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका, सुप्रीम कोर्टाने २०१० च्या निकालात स्पष्ट केलंय की शरीराचं किती टक्के अपंगत्व हे वेगळं आणि त्या माणसाची कमाई किती टक्के गेली हे वेगळं, बघायचं ते दुसरं. त्याच २०१६ च्या कायद्यात कलम ९२ पण आहे, लोकांसमोर मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. नातेवाईकांवर ते लावा असं मी म्हणत नाही, पण त्याला माहीत असू दे की कायदा त्याच्या बाजूला उभा आहे.

बाहेर काढताना घाई करू नका. पहिल्यांदा अंगणात, मग कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, चहाचे पैसे त्याच्या खिशातून. लोक बघणार, पोरं मागे येणार, ती थांबत नाहीत. माझ्या एका पेशंटच्या मांडीवर देवळाबाहेर एका काकांनी दहाचं नाणं ठेवलं आणि नमस्कार करून पुढे गेले. बायको जागीच रडायला लागली. त्याने खुर्ची वळवली, काकांना गाठलं, म्हणाला "काका, तुमचे दहा रुपये राहिले माझ्याकडे, मी बँकेत आहे." काका हात जोडून उभे राहिले. तो मला हे सांगत होता तेव्हा आवाज थरथरत होता, हे काही सोपं नव्हतं त्याला, पण अपघाताच्या पाचव्या वर्षी जमलं ते, पाचव्या महिन्यात नसतं जमलं. आणि ढकलणाऱ्यांना सांगून ठेवा की विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही. कोणी मागून एकदम ढकललं की पोटात कसा गोळा येतो ते त्यालाच विचारा. दिव्यांग म्हणायचं की अपंग, हे पण त्यालाच विचारा, माझे काही पेशंट दिव्यांग शब्दावर चिडतात, काहींना तोच बरा वाटतो.

कातडीचं एक सांगते नाहीतर सगळ्यावर पाणी फिरेल. बसलेला असताना दर २०-३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून एक-दोन मिनिटं वजन काढायचं, झोपेत दर दोन तासांनी कूस, सकाळ-संध्याकाळ आरशात बघून बैठकीची जागा तपासायची, लाल डाग दिसला आणि गेला नाही तर तिथे बसायचं नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला कधीच नाही, भाजलेलं कळत नाही. एक बेडसोअर (दाबाने होणारी जखम) झाला तर तीन-चार महिने पालथं पडून राहावं लागतं आणि मिळवलेलं सगळं जातं. आरसा त्याच्या हातात द्या, हे काम त्याचं आहे.

घराचं शेवटी ठेवलं कारण त्याला तुमची मदत लागणार आहे. रॅम्पला एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, त्याहून कमी केलात तर त्याला एकट्याला चढता येणार नाही आणि परत दोघं लागतील ढकलायला. जुन्या घरात बाथरूमचं दार बहुतेक २४ नाहीतर २७ इंची असतं आणि खुर्ची साधारण २५-२६ ची, म्हणजे बोटांची सालं चौकटीला घासून निघतात नाहीतर खुर्ची आतच जात नाही, आणि मग आंघोळ पलंगावर, संडास पलंगावर, परत तेच सगळं. चौकट काढून मोकळी जागा ३२ इंच मिळाली की काम होतं, दार बाहेर उघडणारं करा, आणि आतली कडी ठेवा, ती काढू नका. सात महिन्यांत त्याला एकदाही एकट्याला दार लावून बसता आलेलं नाही.

तर आज संध्याकाळी टेप घ्या आणि दोन मापं लिहून पाठवा, चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत एक, आणि खुर्चीचं, सीटचं नाही, हाताने फिरवायच्या रिंगच्या बाहेरून बाहेरपर्यंत. टेपचं एक टोक भावाला धरायला द्या. मापं आली की गवंड्याला काय सांगायचं ते मी लिहून देते.